‘लोकशत्रु’ आणि अर्धा हिशेब

नगरपालिकेचें अंदाजपत्रक हा नाट्यविषय होऊं शकेल असें कोणास सांगितलें, तर तो हंसेल. पाणीपट्टी किती असावी, नळ कोठून आणावा, कर्ज काढावें कीं घरपट्टी वाढवावी, या गोष्टी रुक्ष खऱ्या. पण ज्या रुक्ष गोष्टींवर शेंकडों कुटुंबांचें आरोग्य अवलंबून असतें त्यांत नाट्य नाहीं असें म्हणणें म्हणजे नाट्य फक्त राजवाड्यांत घडतें असें मानण्यासारखें आहे. हेन्रिक इब्सेन यानें १८८२ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘लोकशत्रु’ हें पंचांकी नाटक या समजाला चोख उत्तर आहे. मराठी रसिकांस इब्सेन परिचित झाला तो मुख्यतः नोराच्या रूपानें. अनंत काणेकरांनीं ‘घरकुल’ या नांवानें तिला मराठी घरांत आणलें. त्या मानानें डॉक्टर स्टॉकमनकडे आपलें लक्ष कमी गेलें. वास्तविक ज्या प्रश्नांवर आपल्या गांवोगांवच्या सभा रोज गाजतात, त्यांचें मर्म या नाटकांत जितक्या स्पष्टपणें उघडें केलें आहे तितकें अन्यत्र क्वचितच आढळेल.

कथानक थोडक्यांत असें. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका गांवाला नव्या स्नानगृहांमुळें बरे दिवस येऊं लागले आहेत. बाहेरगांवचे रोगी येतात, घरभाडीं वाढतात, व्यापार चालतो. स्नानगृहांचा वैद्य डॉक्टर स्टॉकमन याला शास्त्रीय तपासणीनंतर असें आढळतें कीं, हें पाणी दूषित आहे. कातडीं कमावण्याच्या कारखान्यांची घाण त्यांत उतरते. नळ अधिक वरून आणावयास हवा होता, आणि तसा सल्ला त्यानें पूर्वींच दिलेला होता. त्याचा सख्खा भाऊ पीटर हा गांवाचा नगराध्यक्ष. आपल्या शोधाबद्दल गांव आपले आभार मानील अशी डॉक्टरची भाबडी अपेक्षा असते. शेवटीं भरसभेंत तोच ‘लोकशत्रु’ ठरतो.

आमच्या मतें या नाटकाचा कळस बहुतेक टीकाकार मानतात त्या चौथ्या अंकांत नसून तिसऱ्या अंकांत आहे. स्थळ वर्तमानपत्राची कचेरी. संपादक हॉव्स्टाड डॉक्टरचा लेख छापण्यास उत्सुक आहे. छापखान्याचा मालक आणि घरमालकांच्या संघाचा अध्यक्ष आस्लाक्सेन यानें तर ‘ठाम बहुमत’ डॉक्टरच्या पाठीशीं उभें करण्याचें वचनच दिलें आहे. तेवढ्यांत नगराध्यक्ष येतो. तो पाण्यांतील विषाविषयीं वाद घालीत बसत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, दुरुस्तीचा खर्च प्रचंड आहे, तो भागधारक देणार नाहींत, गांवाला कर्ज काढावें लागेल, आणि काम चालेल तोंपर्यंत निदान दोन वर्षें स्नानगृहें बंद राहतील. एवढ्या चार वाक्यांनीं सुधारकांचें मत पालटतें. येथें कोणी खलपुरुष नाहीं. आस्लाक्सेन दुष्ट नाहीं. तो संयमाचा भक्त, हिशेबी, चारचौघांसारखा घरपट्टी भरणारा गृहस्थ आहे. विषाची गोष्ट ऐकून जो हळहळतो तोच तिचें बिल आपल्या दाराशीं येतांच तिच्या खरेपणाविषयीं साशंक होतो, हें मानवी स्वभावाचें निरीक्षण इब्सेननें कोठेंही आवाज न चढवितां केलें आहे.

चौथा अंक सभेचा. रंगभूमीवर तो फार परिणामकारक होतो यांत शंका नाहीं. पण ‘बहुमत कधींच बरोबर नसतें’ अशा अर्थाचा जो सिद्धान्त डॉक्टर तेथें आवेशानें मांडतो, तोच नाटकाचा बोध समजून आजवर पुष्कळांनीं मान डोलावली आहे. इब्सेनच्या आधींच्या ‘भुतें’ या नाटकावर १८८१ सालीं जें काहूर उठलें, त्याचा राग या भाषणांत उतरला आहे हेंही सर्वश्रुत आहे. परंतु भाषण बाजूस ठेवून सभेचें कामकाज नीट पाहावें. प्रथम अध्यक्ष निवडला जातो, तो आस्लाक्सेन. नंतर डॉक्टरनें स्नानगृहांविषयींचा आपला अहवाल वाचूं नये अशी सूचना खुद्द नगराध्यक्ष आणतो, आणि ती उचलून धरली जाते. म्हणजे ज्या पाण्यासाठीं सभा भरली त्या पाण्याविषयीं एक अक्षरही सभेला ऐकूं दिलें जात नाहीं. डॉक्टर मग चिडून दुसऱ्या विषयाकडे वळतो, आणि समोरच्या लोकांची तुलना हलक्या जातीच्या कुत्र्यांशीं करण्यापर्यंत त्याची मजल जाते. लोक संतापतात यांत नवल तें काय? बहुमत चुकलें हें खरें. पण त्याला चुकण्याखेरीज दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. अहवाल नगराध्यक्षाच्या हातीं, छापखाना आस्लाक्सेनचा, लेखणी हॉव्स्टाडची. आणि दोष मात्र माहितीवांचून मत देणाऱ्या लोकांचा! नाटक आपल्या नायकापेक्षां शहाणें आहे, असें म्हणावें लागतें तें येथें.

ही केवळ टीकाकाराची कसरत नव्हे, हें दाखविण्यास अलीकडच्या इतिहासांतील एक उदाहरण पुरेसें आहे. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत फ्लिंट नांवाचें शहर आहे. मोटारींच्या कारखान्यांवर तें वाढलें. १९६० सालीं त्याची वस्ती दोन लाखांच्या जवळपास होती. पुढें कारखाने उठले, कामकरी गेले, ओस घरांची संख्या वाढली. २०२० च्या शिरगणतींत ८१ हजार माणसें उरलीं. नळांचें जाळें मात्र दोन लाखांच्या वस्तीसाठीं घातलेलें तसेंच राहिलें, आणि त्याचा बोजा उरलेल्या गरीब कुटुंबांवर पडूं लागला. या कुटुंबांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णी. शहराची तिजोरी रिती झाली, तेव्हां राज्यसरकारनें २०११ सालीं निवडलेल्या नगरसभेचे अधिकार काढून घेऊन एका प्रशासकाच्या हातीं दिले. असे प्रशासक नेमण्याचा कायदा मिशिगनच्या मतदारांनीं नोव्हेंबर २०१२ मध्यें सार्वमतानें फेटाळला. डिसेंबरांत विधिमंडळानें तसाच दुसरा कायदा केला, आणि त्यावर पुन्हां सार्वमत घेतां येऊं नये अशी तजवीजही त्यांतच केली.

पाण्याचा प्रश्न निघाला तो काटकसरींतून. डेट्रॉइटहून येणारें सरोवराचें पाणी महाग, म्हणून एका नव्या जलवाहिनींत सामील होण्याच्या बाजूनें २०१३ सालीं नगरसभेनेंही ७ विरुद्ध १ मतांनीं कौल दिला होता. स्वस्ताईचा मोह केवळ प्रशासकालाच पडला असें म्हणतां येणार नाहीं. पण ती वाहिनी पुरी होईपर्यंत गांवच्या नदीचें पाणी वापरण्याचा निर्णय प्रशासकाच्या अमदानींतला. २५ एप्रिल २०१४ रोजीं अधिकाऱ्यांनीं पाण्याचे पेले उंचावून समारंभानें नळ बदलला. नदीचें पाणी नळांस खाणारें होतें, आणि नळांच्या आंतील बाजूस संरक्षक थर धरावा म्हणून जें औषध पाण्यांत घालतात तें घातलें गेलें नाहीं. जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरूं लागलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जनरल मोटर्सनें आपल्या यंत्रांचे भाग गंजतात म्हणून हें पाणी घेणें बंद केलें. शहराचें त्यांत वर्षाला सुमारें ४ लक्ष डॉलरांचें उत्पन्न बुडालें. लोखंडाला न मानवणारें पाणी मुलांना मात्र चालेल, असें पुढें वर्षभर सांगितलें जात होतें.

आतां सभेकडे वळूं. इब्सेनच्या गांवांतील सभा डॉक्टरला ओरडून खालीं बसविते. फ्लिंटच्या सभांत रहिवासी तपकिरी पाण्यानें भरलेल्या बाटल्या घेऊन येत आणि अधिकाऱ्यांपुढें धरीत. त्यांची कुरबुर दुहेरी होती: पाणी पिण्याजोगें नाहीं, आणि त्याची पट्टी मात्र अमेरिकेंतील अत्यंत चढ्या दरांपैकीं. मार्च २०१५ मध्यें नगरसभेनें ७ विरुद्ध १ मतांनींच डेट्रॉइटच्या पाण्याकडे परतण्याचा ठराव केला. प्रशासकानें तो मानला नाहीं. वर्षाला १ कोटि २० लक्ष डॉलरांहून अधिक खर्च वाढेल हें त्याचें कारण. येथें बहुमत बरोबर होतें, आणि एकाकी माणूस चुकत होता. फक्त एकाकी माणसाच्या हातीं शिक्का होता.

पुढील हकीकत प्रसिद्ध आहे. आपल्या मुलांच्या अंगावर उठलेले पुरळ पाहून एका गृहिणीनें घरच्या पाण्याची तपासणी करविली. व्हर्जीनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनीं शहरभर नमुने घेतले. आणि २४ सप्टेंबर २०१५ रोजीं बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मोना हॅना-अटिशा यांनीं जाहीर केलें कीं, रक्तांत शिशाचें प्रमाण जास्त असणाऱ्या मुलांची टक्केवारी जवळजवळ दुप्पट झाली आहे. सरकारी प्रवक्त्यांनीं प्रथम आंकड्यांची चिरफाड केल्याचा आळ त्यांच्यावर घेतला. थोड्याच दिवसांत तेच आंकडे मान्य करावे लागले. १६ ऑक्टोबरला शहर पुन्हां डेट्रॉइटच्या पाण्यावर आलें. येथेंही नायक डॉक्टरच आहे, पण तो स्टॉकमन नव्हे. या बाईंच्या मागें रहिवाशांनीं दीड वर्ष चालविलेला वाद होता. त्यांच्या आंकड्यांनीं त्या वादाला पुरावा दिला, आणि त्या वादानें आंकड्यांना बळ दिलें. एकटें उभें राहण्यांतच खरें सामर्थ्य आहे हा इब्सेनच्या नायकाचा अखेरचा शोध, फ्लिंटच्या अनुभवावर घासून पाहिला असतां निम्माच खरा ठरतो.

मग नाटकाचें कोणतें सत्य टिकतें? आमच्या मतें तिसऱ्या अंकाचें. पीटर स्टॉकमननें मांडलेला हिशेब खोटा नाहीं. तो अर्धा आहे. नवा नळ घालण्याचा खर्च त्यांत आहे, न घालण्याचा खर्च नाहीं. फ्लिंटच्या प्रशासकाच्या वहींतही डेट्रॉइटच्या पाण्याची किंमत होती. गंजलेल्या नळांची, आजारांची आणि मुलांच्या बुद्धीची किंमत नव्हती. ती पुढें दुसऱ्या वहींत चढली: २०२१ सालीं न्यायालयानें सुमारें ६२ कोटि ६० लक्ष डॉलरांच्या तडजोडीस मान्यता दिली, आणि शिशाचे सुमारें ११ हजार नळ बदलण्याचें काम २०२५ पर्यंत रेंगाळलें. काटकसर ही गृहस्थाची आणि नगराचीही शोभा आहे. परंतु गृहस्थ तेल वांचविण्यासाठीं दिवा मालवितो तेव्हां अंधारांत स्वतःच ठेंचकाळतो. नगराच्या काटकसरींत दिवा मालविणारा एक आणि ठेंचकाळणारा दुसरा, असें घडतें. म्हणूनच हिशेब करणारांत ठेंचकाळणाराचें मत असणें अवश्य असतें.

इब्सेनच्या नंतर ज्यांनीं हें नाटक हाताळलें त्यांनाही ही उणीव जाणवली असावी. आर्थर मिलरनें १९५० सालच्या आपल्या रूपांतरांत डॉक्टरच्या भाषणांतील उच्चनीच वंशाची भाषा गाळली. सत्यजित राय यांच्या १९८९ च्या ‘गणशत्रु’ या चित्रपटांत स्नानगृहाच्या जागीं देवळांतील तीर्थ आलें, आणि शेवटीं डॉक्टरच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या तरुणांच्या घोषणा त्याच्या घरांत ऐकूं येतात. हा शेवट कलादृष्ट्या मूळाइतका धारदार नाहीं, असा आक्षेप घेतां येईल, आणि तो कांहीं अंशीं खरा आहे. मूळांतील एकाकीपणाचा कडवटपणा रायांनीं सौम्य केला आहे. तथापि सत्य एकट्याच्या तोंडून निघालें तरी तें टिकण्यास इतरांचे कान लागतात, ही जाण रायांच्या शेवटांत आहे. इब्सेनच्या कलेची धार आणि रायांची ही जाण एकत्र आणणारें नाटक अजून लिहिलें जावयाचें आहे.

मराठी नाटककारास त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबई, पुणें यांसारख्या शहरांच्या महानगरपालिकांची मुदत २०२२ सालीं संपली, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ निवडलेल्या सभासदांवांचून केवळ प्रशासकांनीं तेथील कारभार पाहिला. त्या कारभाराचे गुणदोष हा निराळा विषय. पण इतका काळ सभागृह रिकामें असतांना त्याची उणीव किती घरांत भासली? सभासदांचा गोंधळ, त्यांची भांडणें, त्यांचा लोभ यांची चेष्टा करण्यांत आपला सुशिक्षित वर्ग नेहमींच पुढें असतो, आणि त्या चेष्टेंत डॉक्टर स्टॉकमनच्या चौथ्या अंकांतील तिरस्काराचा अंश असतो. ‘लोकशत्रु’ पुन्हां वाचतांना त्या भाषणावर टाळी देण्यापूर्वीं वाचकानें अलीकडचीं चार पानें उलटून पाहावींत, आणि अहवाल वाचूं न देण्याची ती सूचना कोणी मांडली व कोणाच्या सोयीसाठीं मांडली, एवढें ध्यानांत घ्यावें. असें वाचल्यास नाटकाचें मोल कमी होत नाहीं. नायकाचें थोडें होतें.