परदेश : पाहिलेला आणि राबलेला

मराठीत परदेश म्हटला की ‘अपूर्वाई’ (१९६०) आठवते. आम्हीही ती वाचून मनमुराद हसलो. पण परतणाऱ्याला तिथल्या रीतींची गंमत वाटते. राहणाऱ्याला त्या शिकाव्या लागतात. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत राहिल्या. १८८९च्या त्यांच्या पुस्तकात स्त्रीसंस्थांच्या कौतुकासोबत वर्णभेदावर टीकाही आहे. ती नजर पुढे आखाताकडे फारशी वळली नाही. कफीलच्या ताब्यातला पासपोर्ट, शुक्रवारची सुट्टी, एका खोलीतले आठ बिछाने : हे सारे नाशिकच्या मोहल्ल्यांत उर्दू पत्रांतून आले आणि पेटीतच राहिले. दोष केवळ मराठी समीक्षेला कसा द्यावा? दोन्ही भाषा येणाऱ्या आम्ही तरी ती पेटी कुठे उघडली?