कोऱ्या पानांना शिवण, मजकुराला गोंद

हल्ली पुस्तकबांधणीच्या कार्यशाळांना बरे दिवस आले आहेत. कॉप्टिक शिवण, जपानी शिवण, मार्बलिंगचं अस्तर, कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला हातकागद. हस्तकलेच्या प्रदर्शनात असं एखादं टेबल हटकून असतं आणि त्यावरचं काम खरोखर देखणं असतं. उचलून उघडावं, तर आत काही नाही. सगळ्या वह्या! घेणाराही त्यात लिहीत नाही. एवढ्या सुंदर पानावर वाणसामानाची यादी लिहायला हात कसा धजणार? कलादालनांत वेगळी तऱ्हा. तिथे ‘आर्टिस्ट बुक’, म्हणजे कलाकृती म्हणून घडवलेलं पुस्तक, काचेखाली, एक पान उघडं, बाकीची बंद, आणि शेजारी हात न लावण्याची सूचना.

अमेरिकन चित्रकार एड रुशेनं 1963 साली याच प्रकारातलं, पेट्रोल पंपांच्या सव्वीस फोटोंचं चोपडं काढलं ते साध्या ऑफसेटवर, स्वस्तात. पहिल्या चारशे प्रतींना त्यानं क्रमांक घातले आणि पुढच्या आवृत्त्यांत काढून टाकले. आपल्या दालनांनी त्यातले नेमके क्रमांक तेवढे उचलले. कोलकात्याच्या पी. लाल यांच्या रायटर्स वर्कशॉप या प्रकाशनाची साडीच्या कापडातली बांधणी सुरेखच, पण तिचं कौतुक इतकं झालं आहे की मी भर घालत नाही.

मला बोलायचं आहे ते चेन्नईच्या तारा बुक्सबद्दल. ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (2006) अनेकांनी पाहिलं असेल. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडं, काळ्या हातकागदावर. छपाई जाळीची, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग: प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, प्रत्येक पान हातानं ओढलेलं. आधीचा रंग वाळल्याशिवाय पुढचा चढत नाही, आणि जाळी केसभर सरकली तर फांदी खोडापासून सुटते. पानावरून बोट फिरवा, शाईचा थर बोटाला लागतो. मग हातशिवण. प्रतींवर क्रमांक इथेही आहेत, ते मला खटकतात; पण त्याच पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात आणि त्या वाचल्या जातात, म्हणून सोडून देतो. इथला हात मजकुरापासून सुरू होतो. काळा कागद घेतला तो रात्रीची झाडं दाखवायची म्हणून, कागद हाताशी होता म्हणून नव्हे.

याच प्रकाशनाचं ‘डू!’ हे वारली चित्रांचं पुस्तक, तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगात. वारली चित्रकारांचं पुस्तक चेन्नईत होतं, आणि आपण मात्र वारली नक्षी लग्नपत्रिकेच्या कडेला लावतो.

वास्तविक पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी हे आपल्याकडचं हाताच्या पुस्तकाचं सर्वांत धीट उदाहरण. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे पान ताठ उभं राहतं. शिवण नाहीच, एका आख्यानाची सुटी पानं मिळून एक पोथी. सांगणारा पान समोर धरतो, गातो, पालटतो. अक्षर एकही नसून मजकूर पुरेपूर. तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, सत्कार झाले, छान झालं. पण या शैलीतलं सुटं चित्र चौकटीत घालून दिवाणखान्यात लावणाऱ्यानं पुस्तकाचं एक पान फाडून टांगलं आहे, एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आणि हाताचं म्हणजे देखणंच असायला हवं, हे कुणी ठरवलं? पन्नासच्या दशकातलं ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल होतं. त्यात कार्यशाळेत शिकवावं असं काही नव्हतं. पण अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्यासारखी माणसं स्वतः लिहीत होती आणि स्वतःच काढत होती. पुढे अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’नं काढलेल्या कोलटकरांच्या पुस्तकांत तीच नजर दिसते. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले कसलेले कलादिग्दर्शक. पान कसं दिसावं, हा प्रश्न त्यांना कवितेबाहेरचा वाटला नाही.

आजच्या मराठी कवितासंग्रहाचं काय होतं? फर्मे दुमडायचे, पाठ कापायची, गरम गोंद लावायचा, की झालं परफेक्ट बाइंडिंग. सपाट उघडायला जावं तर पाठ कडकन मोडते आणि चार पानं हातात येतात. जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या फर्म्यांना दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं एकमेकांत ओवणं, जाणणारे कारागीर संपलेले नाहीत. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं ते अजून शिवून देतात. शिवाय कार्यशाळांतून नवी तरुण पोरं हेच शिकून बाहेर पडताहेत. म्हणजे हात आहेत, दोरा आहे, हौसही आहे. आणि ही सगळी शिवण चालली आहे कोऱ्या पानांवर!

प्रकाशक म्हणतात, परवडत नाही. दोन हजार प्रतींच्या कादंबरीला परवडत नसेल, मान्य. पण कवितासंग्रहाच्या निघतात शे-पाचशे प्रती, त्याही दोन-तीन वर्षांत खपायच्या. जाळीवर हातानं छापायला आणि दोऱ्यानं शिवायला याहून सोयीचा आकडा कोणता? वाचक एवढी किंमत देणार नाही, ही दुसरी सबब. कोऱ्या वहीला तोच माणूस हसत हसत कवितासंग्रहाच्या दुप्पट पैसे मोजतो, हे कुठल्याही प्रदर्शनात उभं राहून पाहावं. तोच दोरा, तोच कापडी पुठ्ठा, आत फक्त कविता जास्तीची. तर यात परवडत नाही ते नेमकं काय, हे प्रकाशकांनी एकदा कागदावर मांडून दाखवावं.