दशरथाचा बाण आणि दंडसंहिता

कायद्याच्या ग्रंथाचे वाङ्मय म्हणून परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल नाही. तथापि १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतील दृष्टांत ज्यांनी वाचले असतील, त्यांस ती एखाद्या निष्णात लघुकथाकाराची करामत वाटल्यावाचून राहणार नाही. सदोष मनुष्यवधाच्या कलमाखालील एक दृष्टांत पाहा. दुसऱ्याचे कोंबडे मारून चोरावे म्हणून कोणी गोळी झाडतो. झुडपामागे माणूस आहे हे त्यास ठाऊक नसते, आणि तो माणूस मरतो. संहिता म्हणते, कृत्य बेकायदेशीर खरे, पण हा सदोष मनुष्यवध नव्हे. कारण मारण्याचा उद्देश नव्हता, व मृत्यू ओढवण्याचा संभव आहे ही जाणीवही नव्हती. २०२४ साली अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे.

हाच प्रसंग आपल्या कवींनी फार पूर्वी हाताळला आहे. अंधारात घट भरण्याचा आवाज ऐकून हत्ती पाणी पीत आहे असे दशरथास वाटले, आणि त्याच्या शब्दवेधी बाणाने मुनिकुमाराचा प्राण घेतला. वाल्मीकीचा शोकविव्हल पिता राजास सांगतो की, हे कृत्य अजाणता घडले म्हणूनच तू जिवंत आहेस. आणि तरीही तो शाप देतो. अज्ञानाने दोष उणा होतो, नाहीसा होत नाही, हा विवेक येथे स्पष्ट आहे. कालिदास रघुवंशाच्या नवव्या सर्गात एक पाऊल पुढे जातो. रानहत्ती मारणे राजास निषिद्ध असता दशरथाने तो निषेध उल्लंघिला, हे तो मुद्दाम सांगतो. म्हणजे अपराधाचा आरंभ बाण सुटला तेव्हा नव्हे, निषेध धाब्यावर बसविला तेव्हाच झाला.

आमच्या मते संहितेचे उणे नेमके येथे आहे. उद्देश आणि जाणीव यांचा तिने कसून विचार केला. हयगयीचे कलम मात्र मागाहून, १८७० साली, जोडले गेले आणि त्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची ठरली. भोपाळच्या १९८४ सालच्या वायुकांडात हजारो माणसे मेली. कारखान्यातील विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा त्यापूर्वी कित्येक महिने बंद होती. तरीही त्या रात्री आरोपींस मृत्यूच्या संभवाची जाणीव होती असे दाखविणारा पुरावा नाही, म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून हयगयीचा ठेवला; आणि २०१० साली शिक्षा झाली ती दोन वर्षांची. न्यायालयाने बाण सुटण्याची रात्र पाहिली. निषेध मोडला गेला ते महिने शिक्षेच्या मापात आलेच नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, परिणामाच्या भीषणतेवरून मनाचा दोष ठरवू लागल्यास निरपराधांचा बळी जाईल. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. रोगी दगावला एवढ्यावरून वैद्यास गुन्हेगार ठरवू नये, हयगय ढळढळीत असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले ते योग्यच होय. परंतु परिणामावरून दोष ठरविणे वेगळे, आणि पूर्वीच्या जाणत्या निर्णयांवरून तो मोजणे वेगळे. जो क्षणभर चुकला आणि ज्याने महिनोन् महिने धोका पाहूनही खर्च वाचविला, त्या दोघांस एकाच कलमात बसविणे हा न्याय नव्हे.

नव्या संहितेने हयगयीची शिक्षा सामान्यतः पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह खरी, पण ती आकड्याची आहे, दृष्टीची नव्हे. झुडपामागे कोण आहे हे गोळी झाडणाऱ्यास ठाऊक नव्हते, एवढे कळून भागत नाही. पाहण्याचे कर्तव्य असता त्याने का पाहिले नाही, हा प्रश्न कालिदासाने विचारला आहे. तो संहितेनेही विचारावा.