‘त्याने कमावले’ आणि ‘त्याला मिळाले’ : रोब्लॉक्सच्या चलन-परिभाषेची चिकित्सा

कराराची भाषा ही भाषाभ्यासाची काहीशी उपेक्षित सामग्री होय. विम्याचा करार असो वा कर्जरोखा, त्यातील शब्दांचा अर्थ कोशातून येत नाही. तो एक पक्ष ठरवितो आणि दुसरा पक्ष बहुधा न वाचताच मान्य करतो. २००६ साली अमेरिकेत सर्वांसाठी खुल्या झालेल्या रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळमंचाची नियमावली या दृष्टीने लक्षणीय आहे. डेव्हिड बझुकी व एरिक कॅसल यांनी स्थापिलेल्या या मंचावर खेळ रचणारे बहुतांशी खेळाडूच असतात, आणि तेथील देवघेव ‘रोबक्स’ या अंतर्गत चलनात होते. हे चलन वैध मार्गाने कसे ‘कमवावे’, हे सांगण्यासाठी मंचाने जी परिभाषा घडविली आहे तिचे परीक्षण येथे अभिप्रेत आहे. ही परिभाषा श्रमाचा शब्द वापरते, परंतु त्या शब्दाने प्रत्यक्षात परवानगीचा बोध करून देते, असे या परीक्षणातून दिसून येते.

प्रथम मराठीतील दोन क्रियापदे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘त्याने पैसे कमावले’ आणि ‘त्याला पैसे मिळाले’ ही वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. तथापि त्यांची रचना भिन्न आहे. पहिल्यात व्यक्ती तृतीयेत, म्हणजे करणारी म्हणून येते. दुसऱ्यात ती चतुर्थीत, म्हणजे घेणारी म्हणून येते आणि देणारा अध्याहृत राहतो. शिवाय ‘कमावणे’ या क्रियापदाचा पैशाशी असलेला संबंध हा त्याच्या अर्थाचा एक भाग मात्र आहे. चांभार कातडे कमावतो, पैलवान शरीर कमावतो, गवय्याचा आवाज कमावलेला असतो. कच्च्या द्रव्यावर दीर्घकाळ मेहनत करून त्याला उपयोगी रूप आणणे, हा या शब्दाचा गाभा असून ‘कर्म’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. इंग्रजी ‘अर्न’ या शब्दाचा मूलार्थही असाच श्रमाशी निगडित असून जर्मन भाषेतील कापणीवाचक ‘एर्न्टे’ या शब्दाशी त्याचे नाते मानले जाते. तात्पर्य, दोन्ही भाषांत कमाईमागे शेत, हत्यार किंवा घाम आहे.

रोबक्स खेळाडूच्या खात्यात येण्याचे मुख्य वैध मार्ग तीन. पहिला खरेदीचा, त्याविषयी संदिग्धता नाही. दुसरा मासिक सभासदत्वाचा. २०१९ साली सुरू झालेल्या ‘प्रीमियम’ सभासदत्वात दरमहा ४.९९ डॉलर भरणाऱ्यास ४५० रोबक्स देण्याची योजना होती, आणि या रकमेस ‘स्टायपेंड’ हे नाव होते. लॅटिनमध्ये ‘स्टिपेंडियम’ म्हणजे सैनिकाचा पगार. मराठीत स्टायपेंड म्हणजे विद्यार्थ्यास वा उमेदवारास मिळणारे वेतन. दोन्ही अर्थांत देणारा संस्थेचा, घेणारा सेवेचा वा शिक्षणाचा. येथे मात्र वेतन घेणाराच आधी ते विकत घेतो. वस्तुतः ही हप्त्याहप्त्याने केलेली खरेदी होय. परंतु नाव वेतनाचे असल्यामुळे बालवाचकास आपल्याला काही ‘मिळते’ असा भास होतो.

तिसरा मार्ग निर्मितीचा : खेळ रचून त्यातील सवलती विकणे, किंवा आभासी पात्रांचे कपडे व अलंकार तयार करून विकणे. येथे ‘कमावणे’ हा शब्द खऱ्या अर्थाने शोभतो. संगणकाची आज्ञावली लिहिणे, चित्रे काढणे, चुका शोधणे आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारींनुसार खेळ पुन्हा पुन्हा सुधारणे हे कच्चा माल कमावण्यासारखेच काम आहे.

एके काळी चौथाही मार्ग होता. मंचावर ‘टिक्स’ नावाचे दुसरे चलन चालत असे आणि दररोज हजेरी लावणाऱ्यास १० टिक्स दिली जात; त्यांची रोबक्सशी अदलाबदलही करता येई. एप्रिल २०१६ मध्ये हे चलन बंद करण्यात आले. अर्थेतिहासाच्या दृष्टीने ही घटना लहान असेल. शब्दार्थाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. टिक्स गेल्यानंतर केवळ खेळणारा मंचाच्या लेखी कमावणारा उरला नाही. पुढे २०२० मध्ये वर्गणीदार खेळाडूंनी एखाद्या खेळात घालविलेल्या वेळेनुसार त्या खेळाच्या कर्त्यास मोबदला देण्याची पद्धत आली आणि २०२५ मध्ये तिची जागा दुसऱ्या योजनेने घेतली. तिच्यात खेळणाऱ्याचा वेळ हिशेबात आला, पण तो दुसऱ्याच्या नावावर. ज्याचा वेळ मोजला जातो त्याने काहीच कमावलेले नाही, हा अर्थबदल कोणत्याही कोशात नोंदला गेलेला नाही.

परिभाषेची खरी कसोटी रोबक्सचे डॉलर करण्याच्या वेळी लागते. २०१३ साली सुरू झालेल्या ‘डेव्हलपर एक्स्चेंज’ या योजनेत केवळ ‘कमावलेले रोबक्स’ पात्र ठरतात. विकत घेतलेले किंवा सभासदत्वातून आलेले पात्र ठरत नाहीत. हा भेद योग्यच आहे. परंतु त्यापुढे आणखी अटी आहेत : किमान ३०,००० कमावलेले रोबक्स, किमान १३ वर्षांचे वय, ओळख पटविणे आणि कंपनीची मान्यता. म्हणजे २९,००० रोबक्सचा धनी असलेला निर्माता श्रमाने कमावणारा असला, तरी त्याच्या कमाईला मंचाबाहेर अस्तित्व नाही. ‘वैध रीतीने कमावलेले’ या पदातील वैधता ज्या नियमांवरून ठरते ते नियम बदलण्याचा अधिकारही एकाच पक्षाकडे आहे. अशा स्थितीत ‘वैध’ आणि ‘न्याय्य’ हे शब्द समानार्थी समजणे धोक्याचे होय.

‘एक्स्चेंज’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. विनिमयात दोन बाजूंचे भाव जवळपास असावेत, ही साधारण अपेक्षा असते. ४.९९ डॉलरला ४०० रोबक्स हा ॲपवरील दीर्घकाळचा भाव गृहीत धरला, तर १०० रोबक्सची सवलत घेणारा खेळाडू सुमारे सव्वा डॉलर खर्च करतो. मंचाचा वाटा वजा जाता खेळकर्त्याच्या हाती ७० रोबक्स येतात. सप्टेंबर २०२५ पूर्वी एका रोबक्सचा परताव्याचा दर ०.००३५ डॉलर होता; तेव्हापासून कमावलेल्या रोबक्ससाठी तो ०.००३८ डॉलर झाला. नव्या दरानेही या ७० रोबक्सचे सुमारे २६ ते २७ सेंट होतात, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या रकमेच्या जवळपास पाचवा हिस्सा. विक्रीचा भाव एक आणि परताव्याचा भाव त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असलेल्या या व्यवहारास मराठीत ‘मोड’ म्हणता येईल, ‘विनिमय’ म्हणणे कठीण आहे. दागिना मोडणाऱ्यास घट सोसावी लागते, हे मराठी माणसास ठाऊक असते. तो शब्दच त्यास सावध करतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, ॲप-दुकानांची दलाली, संगणकांचा खर्च, मुलांच्या सुरक्षेची देखरेख हे सारे मंचच सोसतो. तेव्हा त्याने मोठा वाटा घेणे स्वाभाविक आहे. आक्षेपात तथ्य आहे. तथापि प्रश्न वाट्याच्या आकाराचा नसून नावाचा आहे. बाजारात अडत कापली जाते, पण पट्टीवर ती ‘अडत’ म्हणूनच लिहिली जाते. येथे ती खरेदीच्या व परताव्याच्या दोन दरांमध्ये लपते आणि उरलेल्यास ‘कमाई’ म्हटले जाते.

या संदर्भात एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांचा २००१ मधील नॉराथविषयीचा निबंध उद्बोधक आहे. ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील त्या काल्पनिक जगात खेळण्याच्या एका तासाची कमाई त्यांनी सुमारे ३.४२ डॉलर काढली होती. तेथे खेळणाराच श्रमिक होता आणि चलन बाहेर विकणे मात्र चालकांना अमान्य होते. रोब्लॉक्समध्ये बाजार अधिकृत झाला, आणि त्याच ओघात श्रमिक कोण हे ठरविण्याचा हक्क चालकाकडे गेला. पहिल्या जगात कमाई होती, मान्यता नव्हती. दुसऱ्यात मान्यता हीच कमाईची व्याख्या झाली.

ही चिकित्सा केवळ शब्दांपुरती नाही. मराठी घरांतील मुलेही हा खेळ खेळतात, आणि ‘फुकट रोबक्स’ देण्याचे आमिष दाखवून खात्याचा पासवर्ड काढून घेणारे भामटे त्यांना गाठू शकतात. असे रोबक्स निर्माण करणारे कोणतेही साधन अस्तित्वात नाही, असे मंच स्वतः सांगतो. परंतु वेतन, विनिमय आणि कमाई हे शब्द ज्या परिभाषेत सैलपणे वापरले जातात, तिच्यात वाढलेल्या मुलास फुकटचा अर्थही सैल वाटला तर नवल नाही. म्हणून मराठीत या विषयावर लिहिताना व शिकविताना खरेदीस खरेदी, वर्गणीतील रोबक्सना वर्गणीचे रोबक्स, परताव्यास मोड आणि निर्मितीच्या मोबदल्यास कमाई म्हणावे. ‘कोणी दिले?’ हा प्रश्न ‘त्याला मिळाले’ या वाक्यात दडलेला असतो. तो मुलांना विचारावयास शिकविणे हे व्याकरणाचेही काम आहे.