चुकणारा कोण?

मागच्या नोव्हेंबरात आजीला घेऊन बँकेत गेले होते. हयातीचा दाखला द्यायचा होता. ज्यांच्या घरात पेन्शनवालं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगते: पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा, बहुतेकांना नोव्हेंबरात, आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. आजी ७९ वर्षांची. काउंटरमागच्या मुलासमोर ती खुर्चीत बसली होती, पाणी मागत होती, त्याचं गाव कुठलं ते विचारत होती. मग तिनं यंत्रावर अंगठा ठेवला. स्क्रीनवर आलं, 'ठसे जुळले नाहीत. पुन्हा प्रयत्न करा.'

उजवा अंगठा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. बोट पदराला पुसून पुन्हा उजवा अंगठा. मागे रांग वाढत होती. सहाव्या वेळी तेच वाक्य आल्यावर आजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल गं."

ही बाई ३१ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची. दहावीत मला प्रयोग ओळखता यायचे नाहीत, तेव्हा तिनंच युक्ती सांगितली होती. धातूला 'णारा' लाव आणि 'कोण' विचार. राम आंबा खातो. खाणारा कोण? राम. सापडला कर्ता. त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मी स्क्रीनवरच्या वाक्याला तोच प्रश्न विचारून पाहिला. 'ठसे जुळले नाहीत.' जुळणारे कोण? ठसे. कोणाचे? आजीचे. म्हणजे व्याकरणानंच निकाल दिला होता. त्या वाक्यात यंत्र नव्हतं, बँक नव्हती, ज्यांनी ही सोय आणली ते नव्हते. वयानं त्वचा कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि यंत्राला त्या नीट वाचता येत नाहीत, ही गोष्ट यंत्र बनवणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. 'या यंत्राला तुमचे ठसे वाचता आले नाहीत' हे खरं वाक्य. ते लिहायला चार शब्द जास्त लागतात, एवढंच.

या प्रकारची वाक्यं आपण दिवसभर वाचतो. 'काहीतरी चुकलं.' चुकणारं कोण? काहीतरी. 'तुमची विनंती नाकारली गेली आहे.' शाळेच्या व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात. त्यात 'कडून' लावून कर्ता आणता येतो, पण अ‍ॅपमधल्या वाक्यात 'कोणाकडून' हे कधीच येत नाही. माझं म्हणणं असं आहे की ही निव्वळ वाईट भाषा नाही. वाक्यातली कर्त्याची जागा मोकळी सोडली की ती मोकळी राहत नाही. समोर बसलेला सगळ्यात दुबळा माणूस तिथे स्वतःला बसवतो.

आता कबुलीजबाब. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि असली वाक्यं मी स्वतः लिहिलेली आहेत. आमच्या अ‍ॅपमध्ये पैसे भरताना काय काय फसू शकतं याची मी एकदा यादी केली होती. ११ कारणं निघाली. प्रत्येकासाठी वेगळा मेसेज लिहिला. मीटिंगमध्ये ठरलं की एवढं वाचून यूजर घाबरेल, एकच ठेवू. मी अकराच्या अकरा कारणांना एक वाक्य जोडलं आणि जेवायला गेले. मराठी भाषांतर नंतर कुठूनतरी आलं: 'काहीतरी चुकीचे झाले.'

बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. यंत्राला कारण माहीत असतं. वेबवर दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी आकडा जातो. तो ४ नं सुरू झाला तर चूक मागणाऱ्याची. ५ नं सुरू झाला तर चूक देणाऱ्याची. म्हणजे कर्ता कोण हे पहिल्याच अंकात सांगायची शिस्त आहे. इतकंच नाही, ५०३ म्हणजे 'सध्या सेवा देता येत नाही' असं सांगताना 'इतक्या सेकंदांनी परत ये' हेही कळवायची सोय आहे. यंत्राला यंत्राकडून सेकंदांचा हिशेब मिळू शकतो. माणसाला मिळतं, 'थोड्या वेळाने प्रयत्न करा.' हा सभ्य प्रामाणिकपणा सर्व्हरपासून फोनपर्यंत शाबूत येतो आणि शेवटच्या सहा इंचांत, म्हणजे काचेवर, गळून पडतो.

याला काही रास्त उत्तरं आहेत. लॉगिन करताना 'यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे' असं मोघम सांगतात ते मुद्दाम. नेमकं काय चुकलं ते सांगितलं तर चोराला अर्धं काम करून दिल्यासारखं होईल. आणि प्रत्येक बिघाडाचा तांत्रिक तपशील आजीला सांगून तरी काय उपयोग? मान्य. पण 'आमच्या बाजूनं अडचण आहे, तुमचे पैसे कापलेले नाहीत' हे सांगण्यात कुठलं गुपित फुटतं?

कंपन्यांना कर्ता वापरता येत नाही असंही नाही. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' इथे 'आम्ही' लगेच हजर. काळजी घ्यायची, कदर करायची, सणाच्या शुभेच्छा द्यायच्या, तिथे 'आम्ही'. आणि संमती हवी असेल तिथे 'मी': 'मी अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.' कोणीतरी लिहिलेलं हे वाक्य माझ्या तोंडी घातलंय आणि वर ते खोटंही आहे. ऑफर नाकारायला गेलं तर बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत.' याला 'कन्फर्म शेमिंग' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्न्सविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या १३ प्रकारांत हा एक आहे. थोडक्यात, कौतुक आमचं, सही तुमची आणि चूक 'काहीतरी'ची.

बातम्यांची वाक्यंही याच कारखान्यातली. '...अशी माहिती समोर आली आहे.' आणणारा कोण? '...असं बोललं जात आहे.' बोलणारा कोण? 'नव्या वादाला तोंड फुटलं.' फोडणारा कोण? पुष्कळदा ती बातमी देणारी वेबसाइटच. बातमी चुकीची निघाली की ती गुपचूप काढून टाकतात, मग लिंक उघडली की ४०४ दिसतं. यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ, चूक तुमची, तुम्ही नसलेली गोष्ट मागितलीत.

पूर्वीची कचेरी बरी होती असं मला म्हणायचं नाही. 'साहेब जेवायला गेलेत' ऐकत आजीनं पेन्शन मंजूर व्हायला किती खेटे घातले ते तिच्याच तोंडून ऐकलंय. यंत्र चहापाण्याला मागत नाही, आडनाव बघून आवाज चढवत नाही. पण 'साहेब जेवायला गेलेत' या वाक्यात निदान साहेब होते. ते कधीतरी परत येणार होते. 'सर्व्हर डाऊन आहे' म्हटल्यावर कोणाची वाट बघायची?

गंमत म्हणजे चांगला एरर मेसेज कसा असावा हे आपल्याकडे २००५ सालीच लिहून झालंय. माहिती अधिकार कायद्याचं कलम ७(८) बघा. अर्ज नाकारायचा असेल तर अधिकाऱ्यानं अर्जदाराला तीन गोष्टी कळवायच्या: का नाकारला, किती दिवसांत अपील करता येईल आणि ते कोणाकडे करायचं. 'नाही' म्हणण्याची परवानगी आहे, मात्र नाही म्हणणाऱ्यानं दिसायला हवं आणि पुढचं दार दाखवायला हवं. कायदा पाळला जातो की नाही हा वेगळा विषय. पण माझ्या क्षेत्रातल्या डिझाइनवरच्या कित्येक पुस्तकांपेक्षा हे एक पोटकलम मला शहाणं वाटतं.

बँकेत शेवटी काय झालं? आतल्या केबिनमधून एक मॅडम आल्या, ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढला, आजीची सही घेतली, खाली स्वतःची सही आणि शिक्का. पाच मिनिटं. कागदावर दाखला देता येतो, फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. ही दारं आधीपासून उघडी होती. स्क्रीन मात्र सहाही वेळा एकाच बंद दाराकडे पाठवत होती.

परत आल्यावर मी ती ११ कारणांची जुनी यादी उघडली. पुन्हा मीटिंग झाली, पुन्हा वाद झाला. चार मेसेज मंजूर झाले, सात अजून 'काहीतरी'च आहेत. त्या चारांची मराठी या वेळी मी स्वतः लिहिली आणि फोनवर आजीला वाचून दाखवली. 'आमच्या सर्व्हरवर अडचण आली आहे. तुमचे पैसे कापलेले नाहीत.' तिला आवडलं. मग थोडं थांबून म्हणाली, "पण 'आमच्या' म्हणजे कोणाच्या? खाली नाव, फोन काही घालशील की नाही?"

ते अजून घातलेलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे.