परदेशी सहलीचे घरगुती गीत

सुट्टीत परदेशी गेलेले कुटुंब गाण्यावर घरगुती चित्रफीत करते, तेव्हा तिच्यामागे बहुधा राज कपूर यांचा ‘संगम’ (१९६४) उभा असतो. युरोपची सहल त्यांनी पडद्यावर आणली. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने (१९९५) स्वित्झर्लंडची चौकट पक्की केली. मोबाईल आपला, नजर मात्र उसनी! कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या शेजारच्या कोल्हापूरला तरी ही उसनवारी शोभू नये. तेथे बाबूराव पेंटर यांनी कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. अशा फितींत मला भावतात ते अनवधानाने टिपले गेलेले क्षण. थंडीने कुडकुडणारी आजी, गाण्याशी ओठ न जुळलेला धाकटा. जोडणी करताना नेमके तेच कापले जातात.