यमक आहे, ताल कुठे?

मराठी बालकवितेला यमकांचा तुटवडा कधीच नव्हता. जत्रेत किंवा एसटी स्टँडवर मिळणारी बडबडगीतांची पातळ पुस्तकं उघडून पाहा. पानभर चित्र, खाली चार ओळी आणि शेवटी हमखास यमक. कवीचं नाव बहुतेकदा नसतंच. ही पुस्तकं खपतात, पण मूल तेच पान पुन्हा मागत नाही आणि आपण बोट मोबाइलकडे दाखवतो. मला दोष त्या ओळींतच दिसतो.

सोलापुरात तो चटकन उघडा पडतो. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि शाळा मात्र मराठी, अशी इथल्या कितीतरी मुलांची स्थिती. या मुलांच्या तोंडी पहिलीतली कविता अर्थ कळायच्या आधी बसते. शिवाय कानाच्या सवयी निराळ्या. मराठीला यमक ओळीच्या शेवटी हवं. तेलुगू-कन्नडच्या जुन्या पद्यात प्रास ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर जुळतो. तेलुगू घरांत मुलांकडून पाठ करून घेतात ते ‘सुमती शतक’ कंद छंदात आहे आणि तिथे हा प्रास सक्तीचाच. तो ऐकत वाढलेल्या पोराला ‘शाळा’च्या पुढे ‘फळा’ आला याचं कसलं अप्रूप? त्याला धरून ठेवते ती मात्रांची चाल, आघात, ओळ म्हणताना आपोआप हलणारी मान.

यमकाचा उपयोग नाही असं नव्हे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवलं, की चार-पाच वर्षांच्या मुलांची सारख्या ध्वनीचे शब्द ओळखण्याची क्षमता आणि त्यांचं पुढचं वाचन यांचं नातं आहे. पण त्यासाठी मुलाला त्या शब्दांकडे परत यावंसं तर वाटलं पाहिजे!

विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ची, ‘एटू लोकांचा देश’ १९६३चा. ही पुस्तकं अजून मोठ्याने वाचली जातात याचं कारण, विंदांकडे यमक हे ओळीचं शेपूट नाही. ते कल्पनेला पुढे ओढतं. जुळणारा शब्द आला की त्याच्यासोबत एखादा अतर्क्य प्राणी किंवा प्रसंगही येतो आणि मग त्याचंही एक कडक तर्कशास्त्र तयार होतं. बंगालीत सुकुमार राय यांनी ‘आबोल ताबोल’मध्ये १९२३ सालीच हा खेळ मांडला होता. डॉ. स्यूस यांचं ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) तर अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं. शब्दांची अट आपल्यालाही नवी नाही. पहिलीसाठी जोडाक्षरविरहित कविता आपण लिहितोच. फरक एवढाच, की त्या अटीतून स्यूसने धमाल काढली आणि आपण ‘झाडे लावा’ काढतो.

मानसन्मानाच्या बाबतीत आजची बालकविता उपेक्षित नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०२३ मध्ये एकनाथ आव्हाडांच्या ‘छंद देई आनंद’ला आणि २०२५ मध्ये सुरेश सावंतांच्या ‘आभाळमाया’ला मिळाला, दोन्ही कवितासंग्रह. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून कविता छापत आलं आहे. तरी एकूण पीक पाहिलं तर उपदेशाचं तण फार. पाणी वाचवा, पुस्तकं वाचा, आईचं ऐका. यातलं काहीच चूक नाही, म्हणूनच त्यात गंमतही नाही. विक्षिप्त मावशी, खोटारडा बेडूक, विनाकारण रुसलेला पाऊस अशी मंडळी फारच क्वचित भेटतात.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यांतून मुलांना कविता ऐकायला मिळू लागल्या. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. छापील कविता पुन्हा कानाकडे आली, हे फार मोलाचं. धोका आहे तो चालीचा. कीबोर्डवर गोड चाल लावली की लंगडी ओळही पळते. म्हणून ध्वनिमुद्रणाआधी कविता चालीशिवाय, नुसती म्हणून पाहावी. संदीप खरे यांची ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ गाण्यामुळे घरोघरी गेली, पण वाद्यं काढून घेतली तरी ती जिभेवर नाचते. स्टॉलवरच्या त्या निनावी पुस्तकांतल्या बहुतेक ओळी दुसऱ्या कडव्यालाच अडखळतात: एक मात्रा जास्त, एक कमी, आणि वाचणारी ताई ‘हं, पुढे’ म्हणत पान उलटते.